पाण्याखालचा चेंडू, फोमचा

‘फायनल फँटसी टेन’ हा व्हिडिओ गेम जपानच्या स्क्वेअर कंपनीने जुलै २००१ मध्ये प्लेस्टेशन टूसाठी आणला. त्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच समोर एक अशक्य सामना उभा राहतो. झगमगत्या शहरातलं स्टेडियम, त्याच्या मधोमध पाण्याचा अजस्र गोळा, आणि त्या गोळ्यात श्वास रोखून चेंडूमागे पोहणारे खेळाडू. खेळाचं नाव ब्लिट्झबॉल. एकेका संघात सहा जण, पाच-पाच मिनिटांचे दोन भाग. पायाखाली जमीन नाही, त्यामुळे पास खालून येईल की डोक्यावरून, याचा नेम नाही.

कथेचा नायक टीडस हा झानार्कंड एब्स संघाचा लाडका खेळाडू. सामन्याला निघालेला असतानाही तो वाटेत थांबून चाहत्या पोरांच्या चेंडूंवर सह्या करतो. पुढे त्याला भेटतो वाका. बेसेड बेटावरच्या ऑरॉक्स संघाचा हा कप्तान, आणि संघ असा की हरण्याची परंपरा इमानाने चालवणारा. वाका चेंडू नुसता खेळत नाही, त्याने लढतोही. समोरच्या राक्षसावर तो चेंडू फेकतो, चेंडू आपटतो आणि परत त्याच्या हातात येतो. म्हणजे टीडसचा वेश करणारा एक वेळ तलवारीवर भागवू शकेल. वाकाचा वेश करणाऱ्याच्या हातात चेंडू नसेल, तर तो नुसता तांबूस केसांचा झुपका उभा केलेला कोणीतरी माणूस दिसतो.

तर हा चेंडू बनवायचा कसा? कॉसप्लेच्या, म्हणजे कथेतल्या पात्राचा वेश करण्याच्या छंदाच्या, बाहेरच्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. तलवार म्हटली की पातं, मूठ, नक्षी आली. चिलखत म्हटलं की अंगाची मापं आली. चेंडूचं काय एवढं? दुकानातून एक आणायचा, रंग मारायचा, झालं. हातात कटर घेतलेल्यांचा अनुभव उलटा आहे. तलवार दोन अंश वाकडी झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण झानार्कंडची तलवार नेमकी कशी असते हे कोणी पाहिलेलं नाही. चेंडू मात्र प्रत्येकाने लहानपणापासून हाताळलेला आहे. तो किंचित लंबगोल झाला, कुठे चपटा राहिला, एखादा सांधा उठून दिसला, की चार वर्षांच्या पोरालाही ते कळतं. कल्पनेतल्या वस्तूला जी सूट मिळते, ती गोलाला मिळत नाही. या लेखातली सगळी उठाठेव त्या एका अडचणीभोवती फिरते.

आधी या छंदाची थोडी पूर्वपीठिका. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख करून हिंडले. पोशाख डग्लस यांनी शिवले होते. ‘कॉसप्ले’ हे नाव मात्र जपानी. नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये ‘माय ॲनिमे’ या मासिकातल्या लेखात ते वापरलं. २००३ पासून नागोयाला वर्ल्ड कॉसप्ले समिट भरते आणि देशोदेशींच्या जोड्या तिथे येतात. भारतात २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉनची सुरुवात झाली, नंतर ती मुंबईपर्यंत पोचली, आणि दादर-ठाण्याच्या लोकलमध्ये पाठीवर फोमची ढाल घेतलेली मुलं दिसू लागली. पोशाख शिवून घेता येतो, टोप विकत मिळतो. हातातली वस्तू, म्हणजे प्रॉप, मात्र बहुतेकांना स्वतःच करावी लागते, आणि कारागिरीच्या स्पर्धेत गुण तिथेच कमावले किंवा गमावले जातात.

पहिलं काम हत्यारांचं नाही, डोळ्यांचं. मूळ वस्तू नीट पाहायची. ब्लिट्झबॉल निळा-पांढरा आहे आणि त्याच्या अंगावर पकडीसाठी असावेत तसे गोल उंचवटे आहेत, एवढं सगळ्यांना आठवतं. पण २००१ च्या गेममध्ये एकाच वस्तूची दोन रूपं असतात. आधीच तयार करून ठेवलेल्या चित्रफितींत चेंडू गुळगुळीत, तपशीलवार दिसतो. प्रत्यक्ष खेळताना मात्र यंत्राला तो त्या क्षणी रेखाटावा लागतो, म्हणून तिथे तो मोजक्या सपाट तुकड्यांचा बनलेला आणि बारकावे नुसते वरून चितारलेले असतात. शिवाय पाण्यातल्या दृश्यांवर निळी झाक असते, तिथला पांढरा हा पांढरा नसतोच. त्यामुळे रंग ठरवायचा तो कोरड्या, उन्हातल्या दृश्यांवरून. आकार ठरवायचा तो चित्रफितींवरून. आणि दोन्हींत मेळ बसला नाही तर एक बाजू धरून ठामपणे पुढे जायचं. दोन्हींची सरमिसळ केलेला चेंडू कुठल्याच चित्राशी जुळत नाही.

मापाचा अंदाज पात्राच्या डोक्यावरून बांधता येतो. चेंडू हातात घेतलेलं, समोरून टिपलेलं दृश्य शोधायचं, हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि चेंडूचा व्यास त्याच्याशी ताडून पाहायचा. केस मोजायचे नाहीत. जपानी गेममधल्या केसांवर भरवसा ठेवला तर चेंडू कलिंगडाएवढा होईल. मोठ्या माणसांच्या फुटबॉलचा परीघ नियमाने ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२. एका हाताच्या पंज्यावर तोलता येईल आणि फोटोत छातीसमोर शोभेल असं हे माप आहे. पुढचा सगळा हिशेब तेच धरून केला आहे.

आता खरी गोम. सपाट कागदाचा किंवा फोमचा तुकडा नळीसारखा गुंडाळता येतो, शंकूसारखाही वळवता येतो. पण गोलावर तो सुरकुती न पडता बसतच नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध करून ठेवलं आहे. पृथ्वीच्या सपाट नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं फुगतं ते याच कारणाने. कॉसप्ले करणारे नकाशा उलटा वाचतात: सपाट तुकड्यांपासून पृथ्वी करायची असते. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तडजोड कुठे लपवायची.

सगळ्यांत रुळलेली तडजोड म्हणजे गोलाला संत्र्यासारखं उभ्या फोडींत कापणं. या कामाला ईव्हीए फोम लागतो. चपलांचे तळवे आणि व्यायामाच्या चटया ज्याच्या होतात तोच हा; हलका, कटरने लोण्यासारखा कापला जाणारा आणि गरम केला की वळणारा. ५ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. वळताना फोमची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून हिशेब २२ वर न करता जाडीच्या मध्यावर, म्हणजे २१.५ सेंटिमीटर व्यासावर करायचा. परीघ येतो ६७.५. बारा फोडी करायच्या तर प्रत्येकीची लांबी परिघाच्या निम्मी, म्हणजे जवळपास ३३.८ सेंटिमीटर, मधली रुंदी परिघाचा बारावा भाग, ५.६. मध्यापासून ५.६ सेंटिमीटर वर गेल्यावर रुंदी ४.९ राहते, ११.२ वर गेल्यावर २.८, आणि टोकाला शून्य. हे बिंदू जाड कागदावर मांडून हलक्या हाताने वळसेदार रेषेने जोडले की नमुना तयार. एकच नमुना, बारा वेळा. कागदी नमुना उभा मधोमध दुमडून दोन्ही कडा जुळतात का ते आधी पाहावं. इथली एका मिलिमीटरची चूक बारा सांध्यांत सव्वा सेंटिमीटर होऊन बाहेर येते.

कडा सरळ नव्वद अंशांत कापल्या तर सांध्यावर बाहेरच्या बाजूला चीर उघडी पडते. म्हणून कटर पंधरा अंश तिरका धरायचा: ३६० भागिले १२, त्याचं निम्मं. पातं नवं कोरं हवं. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो, आणि फाटलेली कड कुठल्याही गोंदाने सरळ होत नाही. दर तीन-चार कापांनंतर पात्याचं टोक मोडून नवं काढणारा माणूस कंजूष नसतो एवढंच, बाकी त्याच्या हातात जादू वगैरे नसते.

चिकटवायला चांभार आणि रेक्झिनवाले वापरतात तो गोंद. अमेरिकेत यासाठी बार्ज सिमेंटचं नाव घेतात, आपल्याकडे फेव्हीबॉण्डची ट्यूब गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. बोटाला ओला न लागता नुसता चिकट लागेपर्यंत थांबायचं. मग कडा टेकवायच्या, आणि एकदा टेकवल्या की सुटका नाही. म्हणून सुरुवात टोकापासून करत नाहीत. आधी मध्य मध्याला जुळवायचा, मग वर आणि खाली सरकत जायचं. थोडीफार गडबड झालीच तर ती टोकांना जाऊन साठते.

आणि टोकं तशीही वाईटच दिसणार असतात. बारा टोकदार शेपट्या एका बिंदूत येतात, तिथे गोंद साचतो, फोम चुरगळतो. सफाईदार काम करणारे तो भाग वर्तुळात कापूनच टाकतात आणि वर झाकण बसवतात. ब्लिट्झबॉलवर तर हे झाकण आयतं मिळतं: अंगावरच्या उंचवट्यांपैकी दोन बरोबर त्या दोन ध्रुवांवर नेऊन ठेवायचे.

तरीही बारा फोडींचा चेंडू जोडून झाला की थोडा निराश करतो. प्रत्येक फोड एकाच दिशेने वळलेली असते, त्यामुळे वरून पाहिलं तर गोलाऐवजी बारा बाजू दिसतात. उपाय असा की जोडण्याआधी प्रत्येक फोड हीट गनने गरम करून खऱ्या फुटबॉलवर दाबून धरायची, थंड होईपर्यंत. गरम फोम दुसऱ्या दिशेनेही थोडा ताणला जातो आणि थंड झाल्यावर बराचसा तसाच राहतो. गाउसचा नियम मोडत नाही. फोम ताणला जातो म्हणून नियमातून वाट सापडते. हॉलिवूडमध्ये पोशाखाचं काम केलेले ‘ईव्हिल टेड’ स्मिथ आणि जर्मनीच्या ‘कामुई कॉसप्ले’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वेतलाना क्विंट यांच्यासारख्यांनी पुस्तकांतून, व्हिडिओंतून या युक्त्या जगभर पोचवल्या. त्याआधी त्या एका कारखान्यातून दुसऱ्यात तोंडी जात.

पण फोमच का? पर्याय आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची खोड आहे.

दुकानातला फुटबॉल घेतला तर गोलाईची चिंता मिटते. पण तो दाबला की दबतो आणि वरचा रंग तडकतो. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या चेंडूवर रंग कित्येक दिवस चिकटच राहतो, कारण प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली तेलकट द्रव्यं हळूहळू वर येत राहतात. थर्माकोलचा गोळा अगदी हलका आणि अचूक गोल असतो, पण साध्या स्प्रे पेंटचा किंवा त्या चांभारी गोंदाचा स्पर्श झाला की डोळ्यांदेखत विरघळतो. आधी फेव्हिकॉलचे दोन-तीन थर देऊन त्याला चिलखत घालावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीने सजावटीच्या थर्माकोलवर गदा आली. त्या वर्षी गणपतीच्या मखरांसाठी सवलत मागायला उत्पादक उच्च न्यायालयात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. त्यामुळे इंटरनेटवरच्या परदेशी कृतीत पहिली ओळ ‘थर्माकोलचा गोळा आणा’ अशी असली, तर इथल्या वाचकाने तिथेच पान उलटावं हे बरं.

राहता राहिला कागदाचा लगदा. हा पर्याय हल्ली मागासलेला समजतात, उगाचच. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे कागदाच्या लगद्याचे होतात आणि ते डोक्यावर चढवून रात्रभर नाचलं जातं. चेंडूला त्याहून जास्त काय सोसायचं आहे? फक्त फुगा घेऊन त्यावर कागद चिकटवण्याचा शाळेतला प्रकार टाळावा. फुगा गोल नसतो, गाठीकडे निमुळता होतो, आणि हवा थंड झाली की आकसतो. हवा भरून वापरायचा समुद्रकिनाऱ्यावरचा चेंडू बरा. त्यावर तेलाचा हात फिरवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून आडव्या-उभ्या लावायच्या, एक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा लावायचा, आणि शेवटी हवा काढून चेंडू बाहेर ओढायचा. मे महिन्यात हे काम झपाट्याने होतं. जुलैत कोकणात करायला घेतलं तर आतून बुरशी येते.

आणि थ्रीडी प्रिंटर? संगणकात गोल काढायला एक क्षण लागतो, म्हणून हा मार्ग सरळ वाटतो. पण घरगुती प्रिंटर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक रचत जातो, बहुधा ०.२ मिलिमीटरचे. गोलाच्या उभ्या बाजूंना हे थर दिसत नाहीत. माथ्याजवळ मात्र उतार मंद होतो आणि तिथे नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे टप्पे पडतात. पॉलिश पेपर घेऊन ते घासत बसणं हे काम प्रिंटर करत नाही. यातलं नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. एप्रिलमध्ये नागपूरला बंद मोटारीत ठेवलेला चेंडू संध्याकाळी काढायला गेलं तर बसकण मारलेला सापडेल.

तरी प्रिंटर निदान एका गोष्टीसाठी जरूर वापरावा: उंचवटे. हे सगळे सारखे हवेत, आणि हाताने केलेले डझनभर उंचवटे कधीच सारखे होत नाहीत. एक नीट करायचा, मग त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यातून रेझिनचे हवे तेवढे ओतायचे. पेणच्या गणपती कारखान्यांत रबरी साचे ही रोजचीच गोष्ट आहे. तिथे जाऊन चार प्रश्न विचारणाऱ्याला जे मिळेल ते कुठल्या व्हिडिओत नसतं. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी टेबल टेनिसचे चेंडू आहेत. २००० पासून त्यांचा व्यास ४० मिलिमीटर ठरलेला आहे आणि ते एकसारखे असतात. अर्धा कापून लावला तर टेंगूळ फार वर येतं. वरचा तिसरा हिस्सा टोपीसारखा कापला की बसका, शोभेसा उंचवटा मिळतो.

ते समान अंतरावर बसवायचे कसे, यावर मात्र भले भले अडतात. अंदाजाने लावत गेलं की पहिले पाच छान बसतात आणि शेवटच्याला जागाच उरत नाही. इथे एक दोरी पुरते. गोलावर बारा बिंदू अगदी सारख्या अंतरावर मांडता येतात, आणि शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर हे पृष्ठभागावरून मोजलं तर ६३.४ अंशांच्या कमानीएवढं असतं. २२ सेंटिमीटरच्या चेंडूवर ते होतं १२.२ सेंटिमीटर. एका ध्रुवावर टाचणी लावून दोरीने त्या अंतरावर वर्तुळ काढायचं. वर्तुळावर कुठेही एक खूण करायची, तीच दोरी खुणेवर धरून पुढची खूण करायची. पाच खुणा होऊन दोरी बरोबर पहिल्या खुणेवर परत येते. आली नाही तर चेंडू गोल नाही, दोष दोरीचा नव्हे. दुसऱ्या ध्रुवाकडून तसंच करायचं, फक्त त्या पाच खुणा वरच्या पाचांच्या मधोमध येतील अशा सरकवून. झाले बारा.

आणखी हवे असतील तर प्रत्येक तीन शेजाऱ्यांच्या मध्यावर एक, असे वीस मिळतात. बारा आणि वीस मिळून बत्तीस. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकातल्या ‘टेलस्टार’ या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलचे तुकडे याच हिशेबाचे होते: बारा काळे पंचकोन आणि वीस पांढरे षटकोन. तसा जुना शिवलेला फुटबॉल घरात सापडला तर दोरीचीही गरज नाही, त्याच्या तुकड्यांचे मध्य हेच बिंदू. मूळ चित्रात उंचवटे किती दिसतात ते पाहून बारा, वीस की बत्तीस हे ठरवावं. दर्शनी बाजूला दिसणाऱ्यांची दुप्पट धरली की बहुतेक वेळा उत्तर यांपैकीच एकाच्या जवळ जातं.

रंगाआधी फोमची भोकं बुजवावी लागतात. हीट गन एकदा वरून झरझर फिरवली की पृष्ठभाग आवळतो आणि किंचित चकाकतो. त्यावर लवचीक अस्तर द्यायचं. परदेशात रबरासारखा बसणारा प्लॅस्टी डिप वापरतात. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे चार-पाच थरही काम भागवतात, वेळ जास्त जातो एवढंच. सांध्यांच्या खाचांत पुट्टी भरून ओल्या बोटाने सारखी करावी, कारण फोमवर वाळलेली पुट्टी घासायला गेलं तर पुट्टी राहते आणि आजूबाजूचा फोम झिजतो. आधी पांढरा सगळीकडे, मग निळा. गडदावर पांढरा चढवायचा म्हणजे थरांवर थर आले. निळ्या-पांढऱ्याची हद्द आखायला रुंद मास्किंग टेप कामाची नाही, गोलावर तिला चुण्या पडतात आणि चुण्यांतून रंग आत शिरतो. तीच टेप ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापली की वळणावर निमूट बसते.

मग येतो जुनाटपणा. कॉसप्लेतल्या वस्तूंवर सरसकट तपकिरी रंग फासून ‘वापरलेली’ दाखवण्याची फॅशन आहे. पाण्यात खेळला जाणारा चेंडू मळतो कशाला? त्यावर चिखल नसणार. झिजलेली असतील ती उंचवट्यांची टोकं, जिथे बोटं पकड घेतात. तिथे निळा थोडा फिका करावा. भिंतीवर आपटल्याच्या दोन-चार पुसट रेघा चालतील. आणि धीट असेल त्याने एखाद्या पोरासाठी केलेली टीडसची सहीही करावी. ज्यांनी गेम खेळला आहे, ते एवढ्यावरून ओळख देतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सोपा हिशेब. २२ सेंटिमीटरचा चेंडू साडेपाच लिटरहून थोडं जास्त पाणी बाजूला सारतो. हवा भरलेला, साडेचारशे ग्रॅमचा चेंडू पाण्याखाली नेला तर पाणी त्याला पाच किलोच्या जोराने वर ढकलणार. हात सुटताच तो छताकडे झेपावेल. ब्लिट्झबॉलवाल्यांनी यावर काय केलं ते गेम सांगत नाही. खऱ्या जगात मात्र उत्तर सापडलेलं आहे. १९६१ च्या सुमारास जर्मनीत लुडविग फॉन बेर्सुडा यांनी पाण्याखालचा चेंडूचा खेळ सुचवला, त्यातूनच पाण्याखालचं रग्बी आलं. त्यात चेंडूत हवेऐवजी मिठाचं पाणी भरतात, म्हणून तो तरंगत नाही, हळूहळू बुडतो. आणि पाण्यात उतरणारे खेळाडू? एका बाजूला सहाच.

प्रॉपचं गणित नेमकं उलटं. तो दिवसभर काखेत घेऊन गर्दीत हिंडायचं असतं, तेव्हा तीनशे ग्रॅमच्या आत राहिलेला बरा. पण फारच हलका झाला तर फोटोत हाताची बोटं सैल दिसतात आणि वस्तू पोकळ आहे हे कळून चुकतं. काही जण म्हणून आत थोडा हवा सोडलेला प्लॅस्टिकचा चेंडू ठेवूनच शेवटच्या दोन फोडी चिकटवतात आणि मग हवा भरतात. फोम आतून ताणला जातो, वजन येतं, आणि कोणी धक्का दिला तर खळगा पडत नाही. हवा भरायचं तोंड अर्थातच एका उंचवट्याखाली दडवायचं, आणि तो उंचवटा चिकटवायचा नाही, लोहचुंबकाने बसवायचा.

रंगमंचासाठी वस्तू करायची की कॅमेऱ्यासाठी, हा भेद आधीच केलेला बरा. २०२३ मध्ये टोकियोत याच गेमवर काबुकी नाटक झालं. ओनोए किकुनोसुके त्यात टीडस झाले होते. नाट्यगृहात विसाव्या रांगेतून सांधा दिसत नाही, पण रंगांतला फरक ठळक लागतो. कॉसप्लेत पाहणारा हातभर अंतरावर असतो आणि त्याच्या मोबाइलला केसाएवढी फटही दिसते. रंगमंचावरच्या चेंडूची हद्द जाड ब्रशने मारली तरी चालते; इथे ती नखाएवढी सरकली तरी फोटोत येते.

एक गोष्ट व्हिडिओंमध्ये घाईघाईत उरकली जाते. चांभारी गोंदाची वाफ डोकं धरायला लावते, तापलेल्या फोमचा धूर त्याहून वाईट, आणि रेझिन घासताना उडणारी पूड फुप्फुसात बसते. कापडी मास्कने पूड थोडीशी अडते, वाफ अजिबात नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. चाळीतल्या किंवा दोन खोल्यांच्या घरात हे काम गच्चीवर न्यावं, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

संमेलनात शिरताना दाराशी प्रॉप तपासतात. चेंडूला धार नाही, त्यामुळे तलवारवाल्यांची लांब रांग वाकाला टाळता येते. पण सभागृहात तो फेकायला मनाई असते आणि ती गांभीर्याने घ्यावी, कारण गर्दीत पहिला चेंडू फेकला की दुसरा कोणीतरी लाथ मारतोच. पिशवीत गोंदाची छोटी ट्यूब, निळ्या रंगाची बाटली आणि दोन सुटे उंचवटे ठेवावेत.

स्पर्धेतले परीक्षक चेंडू हातात घेतात तेव्हा पहिल्यांदा समोरची बाजू पाहत नाहीत, फिरवून ध्रुव शोधतात. मग सांध्यावरून अंगठा फिरवतात. मग विचारतात, कशाचा केलाय, उंचवटे ओतले की कापले, अंतर कसं काढलं. काम चालू असताना काढलेले फोटो इथे कामी येतात: कागदी नमुना, गोंद वाळायला ठेवलेल्या बारा फोडी, टाचणी आणि दोरी. विकत आणलेला चेंडू आणि घडवलेला चेंडू रंगाखाली सारखेच दिसू शकतात, म्हणून परीक्षक ते फोटो मागून घेतात आणि एकेक नीट पाहतात.